आला, आइल आणि बेओग्रादचा हरवलेला ‘ल’

वाळूच्या ट्रकपासून सुरुवात करतो. नगरला सावेडीत आमच्या घरामागच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं. गिलाव्याला बलियाकडचा एक मिस्त्री होता आणि मुकादम पाथर्डीचा. एका सकाळी मी गॅलरीत चहा घेत उभा होतो. खाली मिस्त्री मोबाइलचा स्पीकर लावून मुकादमाशी बोलत होता.

‘‘वाळूचं काय झालं?’’

‘‘बालू आइल बा, सेठ.’’

‘‘अरे येईल ते मलाही माहितीये. पण कधी?’’

‘‘आइल बा, आइल बा!’’

‘‘येईल, येईल काय लावलंय? टाइम सांग ना बाबा!’’

इकडे ट्रक गेटसमोर उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता.

भोजपुरीत ‘आइल बा’ म्हणजे ‘आली आहे’. मुकादमाच्या मराठी कानाला ते ‘येईल, बाबा’ असं ऐकू आलं, यात त्याची काही चूक नाही. आपल्याकडे ‘ल’ दोन्ही घरांत नांदतो, काल ‘आला’ तोही आणि उद्या ‘येईल’ तोही. भोजपुरीनं कामं वाटून दिली आहेत: झालेल्या गोष्टीला ल (‘आइल’, ‘गइल’, ‘कइल’) आणि मी-आम्ही पुढे करणार त्याला ब (‘आइब’, ‘जाइब’, ‘करब’). मिस्त्री आपल्या व्याकरणाप्रमाणे अगदी नीट बोलत होता. मुकादमही नीटच ऐकत होता, फक्त आपल्या व्याकरणाप्रमाणे.

त्याच आठवड्यात रात्री मोबाइलवर एक सर्बियन चित्रपट बघत होतो. खाली इंग्रजी ओळी धावत होत्या, म्हणून गोष्ट कळत होती. एक बाई दार ढकलून आत येते आणि म्हणते, ‘दोश्ला सम’. म्हणजे ‘मी आले आहे’. मी चित्रपट थांबवला. पुन्हा ऐकलं. दोश्ला. शेवटी स्वच्छ, ठसठशीत ‘ला’.

बलियाचा ‘आइल’, पाथर्डीचा ‘आला’ आणि बेलग्रेडची ‘दोश्ला’. मधल्या हिंदीत मात्र ‘आया’, ‘गया’, ‘किया’, लचा मागमूस नाही. हे काय गौडबंगाल आहे, या प्रश्नानं माझे पुढचे दोन महिने खाल्ले. त्याचा हिशेब इथे देतो.

आधी घरातला ‘ल’ पाहू. संस्कृतात ‘गत’ म्हणजे गेलेला. प्राकृतात शब्द झिजत झिजत मधला ‘त’ विरघळला आणि ‘गअ’, ‘गय’ असं काहीतरी उरलं. एवढ्याशा शब्दाला बोलताना वजन राहीना. मग लोकांनी त्याला मागून ‘इल्ल’ हे शेपूट जोडलं. हे शेपूट विशेषणांचं. मराठीत ते आजही जागोजागी दिसतं: मागील, पुढील, आतील, पहिला. ‘गअ’ला ते लागलं, ‘गइल्ल’सारखं रूप झालं, गोदेच्या खोऱ्यात त्याचा ‘गेला’ झाला आणि गंगेच्या खोऱ्यात ‘गइल’. हिंदीनं मात्र शेपूट न लावता ‘गया’वर भागवलं.

म्हणजे ‘गेला’ हे मुळात क्रियापद नव्हेच, विशेषण आहे. ‘पिकला आंबा’, ‘वाळली फांदी’, ‘फाटलं पान’ यांत ते विशेषणपण उघडं दिसतं. म्हणूनच तर त्याला लिंग आहे. आला, आली, आलं, हे काळा, काळी, काळं यांच्यासारखंच चालतं.

हा ल नवा नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं वाक्य मराठीच्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी एक मानतात. त्याचा शेवटचा शब्द आहे ‘करवियलें’. करवलं. हा ल तिथे दगडात बसलेला आहे. आणि आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा तर तो घरोघरी मुरलेला होता.

नकाशावर बघितलं तर हा ल हिंदीभोवती अर्धवर्तुळ काढतो. मराठी ‘गेला’, कोकणी ‘गेलो’, ओडिया ‘गला’, बंगाली ‘गेलो’, भोजपुरी ‘गइल’. जॉर्ज ग्रियर्सनच्या ते चांगलंच नजरेत भरलं होतं. हा माणूस मुळात बिहारात नोकरीला असलेला आयसीएस अधिकारी. शेतकऱ्यांच्या नांगराच्या प्रत्येक भागाचं, बैलगाडीच्या प्रत्येक खुंटीचं नाव टिपून त्यानं 1885 साली एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. पुढे भारतीय भाषांची प्रचंड पाहणी त्यानं उभी केली. त्याच्या आधी रुडॉल्फ हर्नले यानं मांडलेली कल्पना त्यानं पुढे नेली: आतल्या वर्तुळाच्या आर्यभाषा निराळ्या आणि बाहेरच्या वर्तुळाच्या निराळ्या. मराठी आणि भोजपुरी दोघी बाहेरच्या, आणि पुराव्यांतला एक म्हणजे हा ल. सुनीतिकुमार चटर्जींनी 1926 च्या बंगालीवरच्या ग्रंथात या वर्तुळांवर कडक हरकती घेतल्या. वाद अजून मिटलेला नाही. माझं वैयक्तिक मत चटर्जींच्या बाजूला झुकतं. एकाच शेपटाची सवय चार ठिकाणी बळावली, एवढ्यावरून चार घरांची एक भावकी ठरवणं घाईचं वाटतं. पण वाळूच्या ट्रकजवळ उभं राहून ऐकलं की ग्रियर्सनला तसं का वाटलं असेल, ते मात्र लगेच पटतं.

आता सर्बियन ल. तोही मूळचा विशेषणाचाच, आणि म्हणून त्यालाही लिंग आहे. ती आली म्हणजे ‘दोश्ला’, ते आलं म्हणजे ‘दोश्लो’. सोबत ‘असणे’चं रूप येतं: ‘दोश्ला ये’, आली आहे, ‘दोश्ला सम’, आले आहे. हा ‘सम’ म्हणजे संस्कृत ‘अस्मि’चा सख्खा भाऊ. रचना शब्दाला शब्द आपली: आली आहे, दोश्ला ये. भोजपुरीतही तीच: आइल बा.

आणि तरीही हा ल आपला नाही. तो स्लाव भाषांना थेट आदिभाषेकडून, म्हणजे संस्कृत आणि स्लाव भाषांच्या समाईक पूर्वजाकडून मिळाला. रशियन, पोलिश, चेक, सगळ्यांकडे आहे. आपला ल प्राकृताच्या काळात, इथल्या मातीत उगवला. दोन वेगळ्या विहिरींना एकाच चवीचं पाणी लागावं, तसं हे झालं. झिजलेल्या भूतकाळाला विशेषणाचा टेकू द्यावा, असं दोन्हीकडच्या माणसांना सुचलं आणि दोन्हीकडे टेकूच्या टोकाला ल निघाला. खरं सांगतो, हे कळलं तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो. नातं सापडलं म्हणून पेढे वाटायला निघावं आणि आडनावसारखेपणा निघावा, तसं झालं.

त्यात एक गंमतीचा सापळाही आहे. सर्बियनमध्ये शेवटी ‘आ’ आला की बहुतेक वेळा स्त्रीलिंग. ‘नोवा’ म्हणजे नवी. ‘दोश्ला’ म्हणजे आली. मराठी माणूस ऐकतो ‘ला’ आणि समजतो बाप्या. नपुंसकलिंगाला मात्र चक्क जवळचा सूर लागतो, ‘नोवो’ म्हणजे नवं. टेनिसपटू नोवाक जोकोविचच्या नावात हाच ‘नोव’ आहे. नोवाक म्हणजे नवखा, नव्यानं आलेला.

मग पुरुष आला तर? तेव्हा ‘दोशाल’ म्हणायला हवं. पण सर्ब म्हणतात ‘दोशाओ’. काही शतकांपूर्वी त्यांच्या बोलीत शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटी आलेला ल विरघळून ओ झाला. पांढरी म्हणजे ‘बेला’, पांढरं म्हणजे ‘बेलो’, पण पांढरा म्हणजे ‘बेओ’. आणि आता त्यांच्या राजधानीचं नाव वाचा: बेओग्राद. पांढरं शहर. जगानं नाव उचललं त्यात ल होता, म्हणून आपण बेलग्रेड म्हणतो. खुद्द गावकऱ्यांनी तो केव्हाच गिळून टाकला. सर्बांनी हरवलेला ल नगरच्या वर्तमानपत्रात छापून येतो.

‘ग्राद’ म्हणजे शहर, मुळात कुंपण घातलेली जागा. याच मुळाशी भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘गृह’ जोडतात, आणि ‘गृह’पासून आपलं ‘घर’. म्हणजे ल फसवा निघाला, पण त्याच नावाच्या दुसऱ्या अर्ध्यात खरं नातं बसलेलं होतं.

खऱ्या नात्याची जागा शोधायची तर सासरी जायला हवं. लग्न होऊन घरात आलेल्या मुलीला सर्बियन माणूस म्हणतो ‘स्नाहा’. संस्कृत ‘स्नुषा’. प्राकृत ‘सुण्हा’. मराठी ‘सून’. हिंदीनं ‘वधू’पासून ‘बहू’ घेतली, भोजपुरीनं ‘पुत्रवधू’ची ‘पतोह’ केली. जुनी स्नुषा संभाळली ती मराठीनं, आणि पार तिकडे बाल्कनच्या डोंगरात सर्बांनी. त्या स्नाहाच्या नवऱ्याचा भाऊ म्हणजे ‘देवेर’. बलियात ‘देवर’, नगरला ‘दीर’. सर्बियन लग्नात नवरीची पाठराखण करणारा मानकरीही देवेरच असतो. सासरा ‘स्वेकर’, सासू ‘स्वेकृवा’. आपले ‘श्वशुर’ आणि ‘श्वश्रू’. पण हे फक्त नवऱ्याचे आईबाप. बायकोच्या आईबापांना तिकडे अगदी वेगळे शब्द आहेत. यावरून आदिभाषा बोलणाऱ्यांकडे मुलगी सासरी जायची, असा तर्क अभ्यासक करतात. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या एका घराची उंबऱ्यापासूनची रचना चार शब्दांत शिल्लक आहे.

‘स्नुषा’ आणि ‘स्नाहा’ यांच्याकडे जरा जवळून पाहा. आपला ष, त्यांचा ह. हा अपघात नाही. ‘उ’सारख्या काही ध्वनींच्या मागोमाग आलेला जुना स आपल्याकडे ष झाला आणि स्लावांकडे घशातला ह. म्हणून संस्कृत ‘शुष्क’ला त्यांच्याकडे ‘सुह’ आहे, ज्याला आता बरेच लोक ‘सुव’ म्हणतात. सुव, सुवा, सुवो. सुका, सुकी, सुकं. भोजपुरीत तोच शब्द ‘सूखल’, पुन्हा ल लावून. मिस्त्री गिलाव्यावर हात फिरवून ‘सूख गइल’ म्हणतो, तेव्हा त्याच्या वाक्यातला पहिला शब्द बेओग्रादचा नातलग असतो आणि दुसऱ्यातला ल नुसता तोतया.

आकड्यांतही हेच. द्वा, त्री, चेतिरी सांगायलाच नकोत. दहा म्हणजे ‘देसेत’, संस्कृत ‘दश’. शंभर म्हणजे ‘स्तो’, संस्कृत ‘शत’. दोनशेला ते म्हणतात ‘द्वेस्ता’. संस्कृतात दोनशे म्हणजे ‘द्वे शते’, द्विवचन. सर्बियननं द्विवचन कधीच मोडीत काढलं, आपणही काढलं, पण दोनशेच्या आकड्यात तो जुना द्वि-प्रत्यय त्यांच्याकडे अडकून राहिलाय, जुन्या वाड्याच्या भिंतीत राहून गेलेल्या खुंटीसारखा.

मला सर्वांत जास्त हलवलं ते ऋनं. शाळेत आपण ऋ गिरवतो आणि म्हणतो ‘रु’. हिंदीवाले म्हणतात ‘रि’. जुना ऋ हा स्वर होता, म्हणजे र हाच अक्षराचा कणा, त्याला अ-इ-उचा आधार लागत नव्हता. तो उच्चार आपल्याकडून गेला. सर्बियात तो रोज बाजारात ऐकू येतो. बोट म्हणजे ‘पृस्त’. रक्त म्हणजे ‘कृव’. मरण म्हणजे ‘स्मृत’, आपल्या ‘मृत’चाच भाऊ, पुढे एक स लावलेला. त्यांच्या देशाचं नावही ते ‘सर्बिया’ म्हणत नाहीत, ‘सृबिया’ म्हणतात. ऋ कसा म्हणायचा हे पाठशाळेतल्या गुरुजींना विचारावं आणि त्यांनी सर्बियाच्या बसमध्ये बसायला सांगावं, अशातली ही गोष्ट आहे.

ज्यानं या भाषेला आजची लिपी दिली तो वुक कराजिच 1787 सालचा. आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी याचं नाव ठेवलं वुक, म्हणजे लांडगा. चेटकिणी लांडग्याला हात लावत नाहीत. आपल्याकडे अशाच पोरांची नावं दगडू, धोंडू, केरू ठेवत. ‘वुक’ म्हणजे संस्कृत ‘वृक’. भीमाचं ‘वृकोदर’ नाव आठवा. या लांडग्यानं 1818 मध्ये व्हिएन्नाला शब्दकोश छापला, आणि पुस्तकी भाषा बाजूला सारून गुराख्यांची, बायकांची बोली प्रमाण धरली. एका ध्वनीला एक अक्षर, एकूण तीस. त्यातलं एक अक्षर आहे, ‘चूल’, ‘चमचा’ यांतल्या च-चं. मराठीत दोन च एकाच अक्षरात कोंबलेत. परक्याला ‘चांदणं’ आणि ‘चंद्र’ यांतला फरक समजावताना आपली दमछाक होते. वुकनं ते भांडण तीन मिनिटांत मिटवलं असतं.

इथवर आलो आणि वाटलं, नगरचा बेओग्रादशी संबंध नुसता शब्दांचाच आहे की काय? तर तसं नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेहरूंना आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या सहकाऱ्यांना इथल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं गेलं. तेच नेहरू 1961 च्या सप्टेंबरात अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेला गेले ते बेओग्रादला. भोजपुरी मुलखाकडे जाणारी वाट तर आणखी जुनी. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक अहिल्याबाई. आता जिल्ह्याला तिचंच नाव आहे. काशी विश्वेश्वराचं देऊळ तिनं 1780 च्या सुमारास पुन्हा उभं केलं, आणि काशीच्या गल्ल्यांत ऐकू येणारी बोली म्हणजे भोजपुरीचंच एक रूप.

आणि मग तोफ. विजापूरला आज जी मुलुखमैदान तोफ दाखवतात ती 1549 मध्ये आमच्या नगरला ओतली गेली, निजामशाहीच्या पदरी असलेल्या रूमी कारागिराच्या हातून. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. त्याच तुर्कांनी 1521 मध्ये बेओग्राद घेतलं होतं. तोफेला सर्बियनमध्ये म्हणतात ‘तोप’. तिथल्या किल्ल्याचं नाव ‘कालेमेग्दान’. तुर्कीतून आलेले दोन शब्द, काले आणि मेयदान, किल्ला आणि मैदान. नगरच्या माणसाला याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही. दुकान ‘दुचान’, पिशवी ‘केसा’ (आपला खिसा तोच), चहा ‘चाय’. साखर म्हणजे ‘शेचेर’. ही सगळ्यांत लांबून आली. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत गेली, तिथून तुर्कीत, तिथून डॅन्यूबच्या काठी. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच्या पोत्यांवरचा शब्द सर्बियाच्या चहात आधीच विरघळलेला होता.

तेव्हा सारखेपणा तीन वाटांनी येतो: रक्तानं, योगायोगानं आणि बाजारानं. ऐकताना तिन्ही सारखेच वाटतात. ‘सून’, ‘आला’ आणि ‘तोफ’ हे तीन शब्द एका दमात म्हणा आणि सांगा बरं, कोणता कोणत्या वाटेनं आला? कानाला नाही सांगता येत.

राहिला एक प्रश्न, जो मुकादमानं मला चहाच्या टपरीवर खरोखरच विचारला. सर्बियन शिकायला आपल्याला सोपी जाईल की बलियावाल्याला?

माझं उत्तर असं आहे. सुरुवातीला मराठी माणूस पुढे. तो, ती, ते. ओन, ओना, ओनो. तीन लिंगं आपल्या हाडीमाशी आहेत, तर भोजपुरीनं निर्जीव वस्तूंचं लिंग जवळजवळ सोडूनच दिलंय, म्हणून मिस्त्री मराठीत ‘भिंत झाला’ म्हणतो. ‘मला झोपावंसं वाटतंय’ याला सर्बियनमध्ये ‘स्पावा मि से’, इथेही झोप मला येते, मी ती करत नाही. हे तर दोघांनाही घरचं. नगरची पोरं एकमेकांना ‘भावा’ म्हणतात, बेओग्रादची पोरं ‘ब्राते’. मूळ एकच, ‘भ्राता’, आणि दोन्हीकडे संबोधन. इथवर आपण आघाडीवर.

मग येतं ‘तिने घर पाहिलं’. आपलं क्रियापद घराच्या मागे धावतं. सर्बियनमध्ये ते बाईच्या मागे जातं, ‘ओना ये विदेला’, आणि भोजपुरीतही पाहणाऱ्याच्याच मागे, ‘ऊ घर देखलस’. ही सवय मोडताना मराठी माणूस अडखळेल आणि बलियावाला शांतपणे पुढे निघून जाईल. सर्बियनच्या सात विभक्ती लागल्या की मात्र दोघेही एकाच झाडाखाली बसून घाम पुसतील. मुकादमानं हे सगळं ऐकून घेतलं, आणि तूर्तास भोजपुरीतला एकच शब्द शिकायचं ठरवलं. ‘आइल’ ऐकू आलं की गेट उघडायचं.